उजवा पंख

आमच्याकडे पत्नीने पतीचे नाव तोंडाने घेण्याची रीत नाही. उखाण्यात घेतले तेवढेच. परंतु लिहिताना नाव लिहावेच लागते, नाहीतर ही हकीकत कोणाची ते वाचणाऱ्यास कळणार नाही. म्हणून एकदा लिहिते. माझ्या पतीचे नाव नाथाजी सयाजी सुतार. यापुढे मी त्यांना मालक असे लिहीन.

आमच्या प्रौढ वर्गाच्या बाईंनी सांगितले की, ज्याला कोणी ओळखत नाही अशा एका माणसाचे जीवन लिहा. मी मालकांची परवानगी मागितली. त्यांनी ती दिली, परंतु एक अट घातली.

"चांदसाहेबाचं माझ्यापरीस जास्त ल्ह्यायचं न्हाई."

ही अट पाळण्याचा मी प्रयत्न करीन. मात्र चांदसाहेबांना वगळून मालकांचे जीवन लिहिता येत नाही, हे मालकांनाही ठाऊक आहे.

मालकांचा जन्म कोरेगाव तालुक्यातला. वडील बैलगाड्या आणि नांगर करीत. गाड्या बंद पडू लागल्या तेव्हा मालक सांगलीला आले आणि एका वस्तादाकडे पॅटर्नचे काम शिकले. पॅटर्न म्हणजे काय ते सांगणे जरूर आहे. फौंड्रीत लोखंडाची वस्तू ओतायची असेल तर आधी तशीच वस्तू लाकडाची करतात. ती वाळूत दाबून काढली की वाळूत तिचा ठसा राहतो. त्या ठशात वितळलेले लोखंड ओततात. ती लाकडी वस्तू म्हणजे पॅटर्न. पंपाचा पंखा असो की ट्रकचा भाग असो, तो प्रथम सागवानातच जन्माला येतो.

आता दुसरी गोष्ट. लोखंड थंड होताना आकसते. म्हणून पॅटर्न मुद्दाम किंचित मोठा करावा लागतो. किती मोठा, याचा हिशोब दर वेळी करीत बसायला नको म्हणून पॅटर्नवाल्यांची पट्टी वेगळी असते. तिला श्रिंकेज पट्टी म्हणतात. तिच्यावरचा प्रत्येक आकडा खऱ्यापेक्षा केसभर लांब असतो. दिसायला ती साध्या पट्टीसारखीच दिसते. मालकांनी सगळे आयुष्य त्या एका पट्टीवर काढले. ती आमच्या पडवीत खिळ्याला लटकत असे.

चांदसाहेब हे त्याच वस्तादाचे शागीर्द. दोघे एकाच बाकावर शिकले, एकाच कारखान्यात लागले, आणि पुढे दोघांनी कुपवाडला आपापली कामे सुरू केली. चांदसाहेबांनी औद्योगिक वसाहतीत शेड घेतली. मालकांनी घराच्या पडवीत काम मांडले. दोघांचे काम चांगले होते. परंतु फौंड्रीचे लोक म्हणत की चांदभाईंचा पॅटर्न वाळूतून आपण होऊन वर येतो. मालकांचा पॅटर्नही स्वच्छच येत असे, फक्त त्याला एक टिचकी मारावी लागे. या एका टिचकीवरून मालकांची कित्येक जेवणे कडू झालेली मी पाहिली आहेत.

मालकांच्या अंगी पुष्कळ गुण आहेत. ते ओले लाकूड वाळलेले म्हणून कधी वापरत नाहीत. कोणाशी खोटे बोलत नाहीत. व्यसन नाही. परंतु चांदसाहेबांविषयी त्यांच्या मनात मत्सर आहे, आणि तो काही कामापुरता नाही. चांदसाहेबांचे सगळे दात शाबूत आहेत. ते या वयात ऊस दाताने सोलतात. मालकांना कवळी आहे. ऊस खाताना चांदसाहेब दिसले की मालक रस्ता बदलतात. टपरीवर चहा प्रथम चांदसाहेबांना मिळाला तर मालक आपला चहा तसाच ठेवून उठतात. चांदसाहेबांच्या नव्या चष्म्याची काडी महिन्याच्या आत तुटली, त्या दिवशी मालकांनी घरी येताना माझ्यासाठी जिलेबी आणली होती.

चांदसाहेबांना हे सर्व माहीत आहे. त्यांना राग येत नाही. मालकांना सर्वांत जास्त त्रास याचाच होतो.

अलीकडे लाकडी पॅटर्नची कामे फार कमी झाली. संगणकावर चित्र काढतात आणि यंत्र ठोकळा कापून देते. दोघेही रिकामे झाले. मालक म्हणत असत की आता शेवटचे काम कोणते हातून होईल ते देव जाणे, पण ते असे व्हावे की कोणी म्हणू नये, नाथा चांदसाहेबाच्या खालचा. त्यांची इच्छा एवढीच होती. पुढचे सर्व याच इच्छेमुळे घडले.

गेल्या वर्षी कोरेगावचे मानसिंगराव नावाचे वृद्ध गृहस्थ कुपवाडला आले. सोबत त्यांची सून शिवांजली होती. मानसिंगराव नोकरीत असताना बंगळूरला विमानांची चित्रे काढणाऱ्या कचेरीत होते. त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी एका लढाऊ विमानाचा आराखडा केला होता. प्रयोग म्हणून केलेले एका माणसाचे विमान. इतर विमानांचे पंख मागे झुकलेले असतात, याचे पुढे झुकलेले होते. मानसिंगरावांनी समजावून सांगितले की असे विमान झटकन वळते, परंतु वेगात त्याचा पंख पिळवटतो. तो पीळ सोसणारे साहित्य हाती यायला अजून अवधी होता. तेवढा अवधी मिळाला नाही. काम थांबले, कागद कपाटात गेले, आणि ते विमान कधी बनलेच नाही. सोबती एकेक करून निघून गेले.

आता मानसिंगरावांची दृष्टी गेली होती. उजेड आणि अंधार एवढाच फरक कळत होता. ते विमान त्यांना डोळ्यांनी पाहायला मिळाले नाही, तर निदान हातांनी चाचपायला मिळावे म्हणून ते लाकडात करून हवे होते. दृष्टी जाण्याआधी त्यांनी बाहेरच्या आकाराचे नकाशे आठवणीवरून पुन्हा काढून ठेवले होते. आतले काही विचारायचे नाही, असे त्यांनी बजावले. विमानाच्या पाचव्या हिश्श्याएवढे करायचे होते, म्हणजे लांबीला दोन खाटा जोडून ठेवाव्या इतके.

हे काम घेऊन ते गेले चांदसाहेबांकडे. कोणा फौंड्रीवाल्याने तेच नाव सांगितले होते.

मालकांना हे टपरीवर कळले. घरी आले ते भिंतीकडे तोंड करून पडले. भाकरी खाल्ली नाही. मी विचारले तर म्हणाले की आंधळ्या माणसालासुद्धा चांदसाहेबच दिसला. पुढचे काही दिवस त्यांचा एकच उद्योग होता. फौंड्रीतला गुंडा नावाचा ओतारी टपरीवर चेष्टा करायचा, "नाथाबापू, त्या इमानाला पंख उलटं बसिवल्यात म्हणं. म्हागारी उडतंय का काय?" तेव्हा मालक समाधानाने म्हणत, "ते चांदसाहेबाला इचार. त्येचं काम हाय त्ये."

मग एका दुपारी चांदसाहेब स्वतः आमच्या दारी आले. बसले, पाणी प्याले. म्हणाले की काम मोठे आहे, एका हाताने होणारे नाही, मानसिंगरावांना विचारले आहे, धड आणि उजवा पंख मी करतो, डावा पंख नाथाने करावा.

मी पाहिले की मालकांचा चेहरा उजळला आणि लगेच मावळला.

"डावा का?" मालक म्हणाले.

"मग उजवा घे, गड्या."

चांदसाहेब गेल्यावर मालक बराच वेळ पडवीत फिरत होते. मला म्हणाले, "इतक्या सुखासुखी उजवा दिला. म्हंजी उजव्यात कायतरी खोट आसनार."

खोट काही नव्हती. दोन्ही पंख सारखेच होते, एक दुसऱ्याचे आरशातले रूप. परंतु त्या दिवसानंतर टपरीवर गुंड्याने पुन्हा तोच विनोद केला तेव्हा मालकांनी त्याला झाडले. म्हणाले, "तुला काय कळतंय रं? चटशिरी वळायचं आसंल तर पंख पुढंच पायजेत."

चांदसाहेबांचे म्हणणे होते की दोघांनी शेडमध्ये एकत्र बसून काम करावे. मालकांनी नकार दिला. आपला हात चांदसाहेबांनी पाहू नये असे त्यांना वाटत होते. नकाशा घरी आणला, पडवीला पडदा लावला, आणि आत रंधा चालू झाला. त्या दिवसांत मालक तरुण दिसत होते. हे लिहिताना मला संकोच वाटतो, परंतु खरे आहे ते लिहिले पाहिजे. सागवानाचा भुसा भुवयांवर घेऊन ते जेवायला बसत आणि पंखाविषयी बोलत. पंखाची कड पुढे जाड आणि मागे पातळ होत जाते, ती कशी उतरवली ते ताटातल्या भाकरीवर बोट फिरवून दाखवत.

मध्येच एकदा बाजारात चांदसाहेबांची पत्नी मेहरुनबी मला भेटल्या. त्यांनी निरोप दिला, "शालूवैनी, आमच्या ह्यांनी सांगितलंय, नाथाभाऊला म्हणावं पट्टी तेवढी बघून घ्या." मी तो निरोप जसाच्या तसा मालकांना सांगितला. मालकांचा रंधा थांबला.

"मला पट्टी शिकिवतोय," ते म्हणाले. "वस्ताद झालाय माझा."

आणि पुन्हा रंधा चालू झाला. निरोपाचा अर्थ त्यांनी विचारला नाही, आणि मला तो माहीत नव्हता.

पंख पुरा झाला. मालकांनी तो जुन्या गोधडीत गुंडाळला आणि आम्ही दोघे तो घेऊन शेडमध्ये गेलो. आत विमानाचे धड लाकडी घोड्यांवर ठेवले होते. डावा पंख लागलेला होता. खोटे कशाला लिहू, सुंदर होते. एक हात पुढे करून कोणी धावत यावे तसा तो पंख दिसत होता. मालकांनी त्याच्याकडे एकदा पाहिले आणि नजर वळवली. मग गोधडी सोडली. त्यांचा पंखही तितकाच सुंदर होता. चांदसाहेबांनी त्यावरून तळहात फिरवला आणि पसंतीने मान हलवली. मालकांनी ती मान हललेली पाहिली.

धडाला पंख बसण्यासाठी खाच ठेवलेली होती. पंख खाचेशी नेला. तो आत जाईना. पुढूनही अडला, मागूनही अडला. वरून धरून पाहिला तर त्याचे टोक डाव्या पंखापेक्षा करंगळीच्या जाडीएवढे पुढे जात होते.

 मग मालक बोलले. आवाज शांत ठेवण्याचा त्यांनी प्रयत्न केला, परंतु आनंद लपत नव्हता.

"खाच बारीक झालीया, चांदसाहेब. डावाबी आखूड हाय तुजा."

चांदसाहेबांनी खिशातून स्टीलची पट्टी काढली. ती दुकानात मिळते तशी साधी पट्टी होती, या कामासाठी नवी घेतलेली. त्यांनी मालकांचा पंख मोजला. पट्टी पुन्हा खिशात ठेवली.

"आसंल," ते म्हणाले. "राहू दे हितं. बघतो मी."

त्या दिवशी मालकांनी घरी येऊन पोटभर जेवण केले. टपरीवर त्यांनी कोणाला नाव घेऊन काही सांगितले नाही, परंतु वय झाले की भल्याभल्यांची नजर हुकते, असे दोनतीनदा म्हणाले.

काही दिवसांनी मेहरुनबींचा डबा परत करायचा होता. दुसऱ्याचा डबा रिकामा पाठवत नाहीत, म्हणून मी त्यात शेंगदाण्याची चटणी भरली. चांदसाहेबांची मजा बघायला मिळेल म्हणून मालकही माझ्याबरोबर निघाले. शेडचे दार उघडे होते. आत चांदसाहेब वाकून काम करीत होते. त्यांच्यासमोर नवे सागवान होते. ते धड पुन्हा पहिल्यापासून करीत होते. पहिले धड आणि डावा पंख भिंतीला टेकून ठेवले होते. मालकांचा पंख गोधडीत तसाच होता, त्याला कोणी हातही लावलेला नव्हता. आणि चांदसाहेबांच्या हातात त्यांची जुनी श्रिंकेज पट्टी होती.

मालक दारातच थांबले. चांदसाहेबांनी आम्हाला पाहिले नाही. मालक मागे फिरले आणि मला न सांगता चालू लागले. मी डबा बाहेरच, जेवण घेऊन आलेल्या मेहरुनबींकडे देऊन त्यांच्यामागे गेले.

घरी आल्यावर मालकांनी खिळ्यावरची पट्टी काढली, हातात धरली आणि खाली बसले. मी पुन्हा पुन्हा विचारले तेव्हा त्यांनी सांगितले. लाकडाचे विमान ओतायचे नव्हते. ते आकसणार नव्हते. त्याला साधी पट्टी हवी होती. हात सवयीने खिळ्याकडे गेला. मेहरुनबींकडून आलेला निरोप याच गोष्टीचा होता.

मग चांदसाहेबांनी तुमचा पंख तासून बारीक का केला नाही, असे मी विचारले. मालक म्हणाले की दुसऱ्याच्या पुऱ्या झालेल्या कामाला न विचारता पटाशी लावायची नाही, ही त्यांच्या वस्तादाची शिकवण. विचारायला जावे तर चूक सांगावी लागते. ती सांगायला नको म्हणून चांदसाहेबांनी आपले बरोबर झालेले काम टाकून दिले आणि मालकांच्या चुकीच्या मापाला जुळेल असे दुसरे करायला घेतले.

मी म्हणाले, "आवं, मग जाऊन सांगा की त्यांस्नी, मला समजलं म्हणून."

"सांगितलं तर तो म्हनंल, जाऊ दे गड्या," मालक म्हणाले. "त्येचं ते 'जाऊ दे' मला झेपत न्हाई. पंख त्येचा सरस, आन मनबी त्येचंच मोठं. मग माझ्याकडं ऱ्हायलं काय?"

 मला त्या क्षणी मेहरुनबींचा हेवा वाटला, हेही लिहून ठेवते.

नवे धड झाले, नवा डावा पंख झाला. मालकांचा उजवा पंख खाचेत असा बसला की सांध्यात कागद जाणार नाही. टेम्पोत पोती अंथरून विमान ठेवले आणि कराड, रहिमतपूर करीत आम्ही कोरेगावला निघालो. पुढच्या बाकावर कोण बसणार यावरून मालक अडून बसले, म्हणून चांदसाहेब मागे पोत्यांवर बसले. थोडे पुढे गेल्यावर मालकांच्या मनात आले की विमानाजवळ बसण्याचा मान चांदसाहेबांना मिळाला. मग टेम्पो थांबवून तेही मागे गेले. मी एकटी पुढे बसले.

मानसिंगरावांच्या ओसरीवर विमान ठेवायची लोखंडी घोडी तयार होती. कोरेगावच्याच वेल्डरने ती नकाशाबरहुकूम केली होती, आणि लाकूड घासू नये म्हणून आतून लोकरीचा जाड नमदा चिकटवला होता. विमान तिच्यात ठेवू लागले तर ते बसेना. शिवांजलीने टेप आणून दोन्ही मोजले. घोडी बरोबर होती. विमान मोठे होते.

मानसिंगराव खुर्चीवर हात पुढे करून बसले होते. त्यांनी विचारले, "काय झाले?"

चांदसाहेब पुढे झाले. "साहेब, माझी पट्टी चुकली. लाकूड जरा वाढलं."

"हरकत नाही, चांदसाहेब," मानसिंगराव म्हणाले. "इतके मोठे काम केलेत. चूक होते."

मी मालकांकडे पाहिले. त्यांचा जबडा हलत होता. चांदसाहेबांना क्षमा मिळत होती, तीही सर्वांसमोर, आणि ज्या चुकीसाठी मिळत होती ती चूक मालकांची होती.

"न्हाई साहेब," मालक म्हणाले. "पट्टी त्येची न्हाई. माझी हाय. पयला म्या चुकलो. त्येनं बरूबर केल्यालं टाकून माझ्या चुकीला जोड केली."

"नाथा, जाऊ दे," चांदसाहेब हळूच म्हणाले.

"जाऊ द्यायचं न्हाई. समदं तूच घेतोस. चूक तरी माझ्या नावावर ऱ्हाऊ दे."

 मानसिंगरावांनी विचारले की कोणती पट्टी. मालकांनी सगळे सांगितले. ओतीव लोखंड कसे आकसते, त्यासाठी आधीच जागा कशी सोडावी लागते, आणि हाताला तीच सवय कशी लागलेली आहे. मानसिंगरावांनी मध्ये एकदाही थांबवले नाही.

मग ते म्हणाले, "म्हणजे पुढे वस्तू बनायची असेल, तरच ही पट्टी वापरतात."

"व्हय."

"आणि एकदा बनून संपली, किंवा बनणारच नाही, तर साधी."

"व्हय साहेब. चुकलंच ते."

मानसिंगरावांनी पुढे केलेले हात मांडीवर घेतले. मग म्हणाले, "विमान ओतत नाहीत, नाथाजीराव. पण हे असेच राहू द्या. आमच्या कचेरीत एकानेही त्याच्यासाठी ही पट्टी काढली नव्हती."

शिवांजलीने घोडीतला नमदा सोलून काढला. मग विमान तिच्यात नीट बसले. मानसिंगराव उठले. त्यांनी नाकापासून सुरुवात केली. वैमानिकाच्या जागेचा उंचवटा चाचपला. मग डाव्या हाताने डावा पंख आणि नंतर उजव्या हाताने उजवा पंख धरून बोटे पुढे सरकवत नेली, टोकापर्यंत. तिथे ते थांबले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होते, परंतु चेहरा हसरा होता.

"उजवा कोणाचा?" त्यांनी विचारले.

"माझा," मालक म्हणाले.

 मानसिंगरावांनी हात तिथेच ठेवला.

परतीच्या वाटेवर चांदसाहेब मागे पोत्यांवर निजले. मालक पुढे माझ्याजवळ बसले.  मग म्हणाले की उजव्यावर साहेबांचा हात जास्त वेळ राहिला. मी म्हणाले की हो. कुपवाडला उतरल्यावर त्यांनी तेच चांदसाहेबांना ऐकवले. चांदसाहेबांनी उसाचे कांडे दाताने सोलले आणि म्हणाले, "साहेब उजव्या हाताचा माणूस हाय, गड्या. हात तिथंच ऱ्हायचा." मालक त्या दिवशी रात्री जेवले नाहीत.

ती पट्टी अजून पडवीत खिळ्याला आहे. शेजारी साधी पट्टीही टांगली आहे. ती चांदसाहेबांनी दिली, म्हणून मालक ती वापरत नाहीत.

हे सर्व मी मालकांना वाचून दाखवले. त्यांनी डोळे मिटून ऐकले, कोठेही खोडून काढायला सांगितले नाही. शेवटी एवढेच म्हणाले की चांदसाहेबाचे नाव फार वेळा आले आहे. मी म्हणाले की त्याला माझा इलाज नाही. त्यावर ते पडवीत गेले, आणि थोड्या वेळाने तिथून विचारले, "त्येचा डावा सुंदर हाय म्हणून ल्हिलंस. माझा उजवा त्येच्या आधी ल्ह्याया येत नव्हता?"